भान ठेवून नाचायचं कसं: पाऊण तासाची घरगुती रीत

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या माणसाला पाऊल टाकायला वेगळं शिकवावं लागत नाही. दिंडीत पावली घातलेली असते, गौरीच्या रात्री झिम्मा-फुगडी झालेली असते, शाळेत लेझीम हातात आलेलं असतं. पण या सगळ्यांत चाल दुसऱ्याची असते. मृदंग वाढला की पाय वाढतात, जोडीदारणीने ओढलं की गिरकी वाढते, मिरवणुकीत मागून रेटा आला की पुढे सरकावंच लागतं. भान ठेवून नाचायच्या या रीतीत पाऊल तेच आहे, फक्त चाल स्वतःची ठेवायची आणि पाऊल पडताना अंगात काय होतंय तिकडे लक्ष ठेवायचं. सततचा ताण, उडालेली झोप, लांबलेल्या आजारपणानंतरचा जडपणा, घरातलं कुणी गेल्यावर येणारं सुन्नपण, अशा वेळी याने आधार मिळतो. चालू असलेलं औषध मात्र चालूच ठेवायचं. नाच सुरू केला म्हणून गोळी बंद, हा हिशेब धोक्याचा आहे.

कुणी आधी डॉक्टरांना विचारायचं

छातीत दुखणं, चालताना धाप लागणं, ताब्यात नसलेला रक्तदाब, फिट येणं, नुकतं झालेलं ऑपरेशन यांपैकी काही असेल तर आधी तपासणी. गुडघ्याची वाटी बदललेली असेल किंवा हाडं ठिसूळ झालेली असतील तर उड्या आणि गिरक्या कायमच्या वगळायच्या, बाकीचं सगळं करता येतं. गरोदरपणी उडी, गिरकी नको, आणि पाच महिन्यांनंतर शेवटची विश्रांती पाठीवर न घेता डाव्या कुशीवर घ्यायची.

मधुमेह असलेल्यांनी हे नीट वाचावं. तळपायाला बधिरपणा असेल तर अनवाणी करू नका. फरशीवरचा खडा रुतला तरी कळत नाही आणि जखम चिघळल्यावर लक्षात येतं. पातळ तळाचे, टाचेला पट्टा असलेले बूट घाला आणि झाल्यावर दोन्ही तळवे उजेडात बघा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी साखर तपासावी, उपाशी पोटी करू नये आणि गूळ किंवा साखर हाताशी ठेवावी. मध्येच घाम सुटून हात थरथरायला लागले तर ते नाचाचं भरतं नव्हे. बसा, साखर तोंडात टाका आणि त्या दिवसापुरतं थांबा.

जागा, कपडे, आवाज

दोन्ही हात पसरून एक फेरी मारता आली की जागा पुरे. म्हणजे एका माणसाला साधारण सहा फूट बाय सहा फूट. दहा बाय बाराच्या खोलीत कॉट भिंतीला सरकवली की दोघी आरामात मावतात. जमीन कोरडी हवी. पावसाळ्यात शहाबादी फरशीला ओल धरते आणि खानापूर-जांबोटीकडे तर आषाढ-श्रावणात ती वाळतच नाही. अशा वेळी फरशी कोरड्या फडक्याने दोनदा पुसा आणि पाय टॉवेलने कोरडे करून उभं राहा. मोजे घालून नाचू नका. मोकळी सतरंजीही नको, ती पायाखालून सरकते. सारवलेली जमीन सगळ्यांत बरी, कारण ती पायाला धरते आणि थोडी दबते. भिंतीजवळ न हलणारी एक खुर्ची ठेवा. तोल गेला तर धरायला आणि दम लागला तर बसायला ती लागतेच.

साडी असेल तर निऱ्या घोट्याच्या चार बोटं वर घ्या आणि पदर कमरेला खोचा. मागे पाऊल टाकताना निरीवर पाय पडणं हे घरात पडण्याचं नेहमीचं कारण आहे. जेवण होऊन दोन तास झालेले असावेत.

आवाज शेजारच्या खोलीत बोललेलं ऐकू येईल इतकाच ठेवा. छातीत घुमणाऱ्या ठेक्यावर स्वतःचा श्वास ऐकू येत नाही, मग लक्ष ठेवायचं कशावर? बेळगावच्या वडगाव-शहापुरात दिवसभर यंत्रमागाच्या खडखडाटात उभ्या असणाऱ्यांनी तर पहिला आठवडा आवाजाशिवायच करावं. ठेका हवा असेल तर मोबाइलवरचं मेट्रोनोम (एकसारखे ठोके देणारं) किंवा तबल्याचं ॲप घ्या आणि मिनिटाला ६० ठोके लावा. म्हणजे सेकंदाला एक.

पहिली चार मिनिटं: उभं राहणं

पावलांत एक वीत अंतर ठेवून उभं राहा. गुडघे कुलूप लावल्यासारखे मागे ताठ करू नका, केसभर सैल ठेवा. डोळे उघडेच ठेवा. खूप ठिकाणी डोळे मिटायला सांगतात. ज्यांना घाबरं होतं, ज्यांच्या आयुष्यात मार किंवा अपघात झालेला आहे, त्यांना डोळे मिटले की आतलं चित्र मोठं होतं. म्हणून आधी खोली बघून घ्या: दार कुठे, खिडकी कुठे, घड्याळ कुठे. मान सावकाश वळवून मागचं कपाटही बघा.

आता शरीराचा भार तळव्यावर नेमका कुठे पडतोय ते शोधा. बहुतेकांचा टाचेवर असतो. तो हळूच पुढे, अंगठ्याच्या मुळाशी आणा, मग करंगळीच्या बाजूला, मग परत टाचेवर. बाहेरून बघणाऱ्याला काहीच हललेलं दिसू नये इतकी ही हालचाल बारीक असते. असे पाच फेरे. श्वास आत घेताना चार मोजा, सोडताना सहा. सोडलेला श्वास लांब असला की हृदयाचे ठोके उतरतात, यात गूढ काही नाही. मोजताना गुदमरल्यासारखं झालं तर मोजणं सोडून द्या, श्वास आपला येईल तसा येऊ दे.

पुढची आठ मिनिटं: सांधे

क्रम खालून वर. घोटा प्रत्येकी सहा वेळा गोल, खुर्चीला एक हात धरून. गुडघे नुसते मऊ वाकवून सरळ, आठ वेळा. कंबर, जात्याच्या खुंट्यागत सावकाश गोल, दोन्हीकडे पाच-पाच. मग बरगड्या: कंबर जागेवर ठेवून फक्त छाती उजवीकडे, डावीकडे सरकवायची. पहिल्या दिवशी हे जमत नाही, अख्खं धड हलतं. हरकत नाही. खांदे कानापर्यंत उचलून श्वासाबरोबर टाकून द्या, पाच वेळा. मान मात्र गोल फिरवू नका. मागे टाकलेली मान फिरवल्याने वयस्कांना चक्कर येते. फक्त उजवीकडे बघा, डावीकडे बघा, हनुवटी खाली, मधोमध.

सुरुवात कुठून करायची हे कामावर ठरतं. निपाणीकडे मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईची मान पुढे, खांदे वर आणि बोटं आत वळलेली असतात. तिने आधी बोटं उघडावीत: मूठ, मग पाचही बोटं जमतील तितकी लांब, दहा वेळा, नंतर पाठ भिंतीला टेकवून दोन्ही हात भिंतीवरून सरकवत वर न्यावेत. ती जर पहिल्यांदा पुढे वाकून हात पायाला लावायला गेली, तर दिवसभर जे केलं तेच परत होतं. भात लावून आलेल्यांचंही तसंच. त्यांनी पुढे वाकणं पूर्ण वगळून हात कमरेच्या मागे टेकवावेत आणि छाती वर उचलावी, दोन बोटं, बस्स. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीनवर आठ तास एका पायावर भार टाकून उभं राहणाऱ्याने मात्र घोटे आणि पोटऱ्यांनाच पाच मिनिटं द्यावीत.

बारा मिनिटं पावली: इथेच खरं काम आहे

पावलीचे प्रकार गावोगाव वेगळे. इथे सगळ्यांत साधी चार मात्रांची घेऊ.

एकला उजवं पाऊल पुढे, अर्ध्या हाताच्या अंतरावर. दोनला डावं पाऊल त्याच्या शेजारी आणून नुसतं टेकवायचं, भार द्यायचा नाही. तीनला तेच डावं पाऊल मागे आणि भार त्याच्यावर. चारला उजवं त्याच्या शेजारी टेकवायचं. परत एक. अशी चार मिनिटं उजव्याने, चार मिनिटं डाव्याने सुरू करून. शेवटची चार मिनिटं दर सोळा मात्रांनी पाय बदलून. भजनी ठेका आठ मात्रांचा असतो, त्यामुळे दोन आवर्तनं झाली की बदल, असा हिशेब जमतो. बदलायच्या वेळी सोळाव्या मात्रेला टेकवलेलं पाऊल उचलायचं नाही, त्याच्यावर भार द्यायचा. की दुसरा पाय आपोआप मोकळा होतो.

आता हेच जवळून बघू. 'एक' म्हटल्यावर पाऊल पुढे पडतं, पण भार लगेच जात नाही. आधी टाच टेकते. मग तळव्याची बाहेरची कड जमिनीला लागते, मग चवडा, शेवटी अंगठा. अंगठा टेकला की गुडघा थोडा वाकतो आणि मागच्या पायाची टाच आपोआप उठते. ती टाच उठायच्या क्षणाला भार पुढे आलेला असतो. हा क्षण पकडायचा. दर पावलाला नाही पकडता येत, दहातून तीनदा सापडला तरी पुष्कळ. मध्येच 'गॅसवर दूध आहे का' हा विचार येणारच. आला की स्वतःवर चिडायचं नाही, पुढच्या 'एक'ला परत टाचेवर यायचं. ध्यानात जे काम श्वास करतो ते इथे टाच करते.

मागे टाकायच्या पावलाला उलट क्रम: आधी चवडा, मग टाच. मागे टाच आधी आपटली तर धक्का सरळ कमरेत जातो. पावली घालून कंबर धरली असं म्हणणाऱ्यांची चूक बहुधा इथे असते.

पहिले दोन आठवडे ६० ठोक्यांवरच राहा. मग ७२, महिन्यानंतर वाटलं तर ९०. लक्षात असू द्या की संथ पावली अवघड असते. ती जलद केली की तोल आपोआप सांभाळला जातो, त्यामुळे अंगातल्या खोडी झाकल्या जातात. सराव चांगला झाला म्हणून ठेका वाढवायची घाई बहुतेकांना होते, आणि तिथेच लक्ष सुटतं. दमाचं मापही सोपं आहे: शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता यावं, पण अभंग आळवता येऊ नये. वाक्यही तुटायला लागलं तर ठेका कमी करा.

ज्यांना उभं राहवत नाही त्यांनी खुर्चीच्या पुढच्या निम्म्या भागावर बसून हेच करावं. टाच पुढे, चवडा टेकव, मागे, टेकव. हातात टाळ घेतले तर अधिक चांगलं. पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) रुग्णांना बाहेरून मिळणारा ठेका पाऊल उचलायला मदत करतो, पण त्यांच्या शेजारी एक माणूस उभं हवंच.

आठ मिनिटं मोकळं

इथे लोक अडतात. 'आता मोकळं नाचा' म्हटलं की अंग आखडतं, कारण कुणीतरी बघतंय असं वाटतं. म्हणून मोकळेपणाला जोड्या द्यायच्या. दोन मिनिटं जड आणि हलकं: ओल्या मातीत पाय रुततोय असं चाला, मग कापूस उडवल्यासारखे हात. दोन मिनिटं झटका आणि ओघ: सूप पाखडताना मनगट जसं तुटक जातं तसं, मग पिठाची कणीक लांबवावी तसं. दोन मिनिटं सरळ रेषा आणि वळण. रुडॉल्फ लाबान या तेव्हाच्या हंगेरीत जन्मलेल्या नृत्यअभ्यासकाने हालचालीचं वर्णन भार, वेळ, अवकाश आणि ओघ अशा चार अंगांनी केलं, त्यावर बेतलेला हा क्रम आहे. उरलेली दोन मिनिटं यातलं जे अंगाला आवडलं तेच. आरसा झाका. खिडकीचा पडदा ओढा. सुंदर दिसतंय का, हा प्रश्न या आठ मिनिटांत विचारायचाच नाही.

दोघी असाल तर याच्या जागी 'आरसा' करा. समोरासमोर, दोन हात अंतरावर उभ्या राहा. पहिली हलते, दुसरी तिच्या मागोमाग. चार मिनिटांनी अदलाबदल. नुसती नक्कल नको. ती दबकत हात उचलत असेल तर तो दबकेपणाही उचलायचा. मॅरियन चेस या नर्तिकेने १९४२ पासून वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात हीच वाट धरली: रुग्ण जे करतोय तेच आपल्या अंगात घ्यायचं, नातं जुळलं की मग हळूहळू त्यात नवं काही मिसळायचं. पुढे १९६६ मध्ये अमेरिकेत नृत्योपचारकांची संघटना झाली, तिच्या त्या पहिल्या अध्यक्ष. अर्थात त्यांचं काम प्रशिक्षित उपचारकाचं होतं. घरात आपण करतो तो उपचार नव्हे, सराव आहे.

पाच मिनिटं उतरणी, आठ मिनिटं आडवं

एकदम थांबू नका. जोरात चाललेल्या पायांत रक्त उतरलेलं असतं, अचानक उभं राहिलं तर डोळ्यांपुढे अंधारी येते. खोलीतच सावकाश फेऱ्या मारा, दर फेरीला पाऊल लहान करत.

मग घोंगडीवर उताणे. पोटऱ्या खुर्चीवर ठेवल्या तर कमरेला आराम पडतो. पाठीचा कोणता भाग जमिनीला लागलाय आणि कोणता उचललेला आहे, एवढंच बघायचं. वेळ नाही म्हणून लोक हा भाग गाळतात. वेळ खरंच कमी असेल तर मोकळा नाच गाळा, पावली सहा मिनिटांवर आणा, पण आडवं पडणं ठेवा. जागं झालेलं अंग शांत व्हायला तेवढा अवधी लागतो; तो नाही मिळाला तर रात्री उलट झोप उडते. याच कारणाने हे सगळं झोपायच्या दोन तास आधी संपवावं. उठताना कुशीवर वळा, दोन श्वास तिथेच, मग हात टेकून बसा, मग उभं राहा. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी बसल्या जागी पूर्ण एक मिनिट काढावं.

बिघडतं कुठे

फुगडी आणि गिरकीचा मोह. आतल्या कानात पातळ द्रव असतो. अंग थांबलं तरी तो काही क्षण फिरत राहतो, म्हणून खोली फिरते. तोंडावर पडणं होतं ते फिरताना नव्हे, थांबल्यावर. गिरकी घेतलीच तर तीनच्या पुढे नको, आणि थांबताना पाय फाकवून भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे बघत राहा. नुसती कूस बदलली तरी ज्यांना चक्कर येते त्यांनी गिरकी मुळीच घेऊ नये.

मध्येच रडू येणं. येतं ते, विशेषतः छाती आणि खांदे सैल झाल्यावर. याला बिघाड म्हणू नका, पण त्यात वाहवूही नका. पाय थांबवा, डोळे उघडे ठेवा, तळवे जमिनीवर दाबा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मनात घ्या, पाणी प्या. शेजारची बाई रडत असेल तर 'काय झालं, सांग की' म्हणून मागे लागू नका. जवळ उभं राहिलं तरी पुरे. तेच तेच भयंकर प्रसंग डोळ्यांपुढे यायला लागले, किंवा जीव नकोसा वाटतो असं कुणी म्हणालं, तर सराव बंद करून मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत आहे.

अंगात येणं. सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीच्या डोंगराच्या या मुलुखात हा विषय टाळून चालत नाही. देवीच्या जागराला, हलगीच्या ठेक्यावर जे होतं त्याला त्याची जागा आहे, त्याची रीत आहे, सांभाळणारी माणसं आहेत. या सरावाची दिशा मात्र उलटी आहे: इथे भान हरपू द्यायचं नाही. नाचणारीची नजर स्थिर व्हायला लागली, हाक मारल्यावर ओ येईना, तर ठेका लगेच बंद करा, तिचं नाव घ्या, खुर्चीवर बसवा आणि हातात गार पाण्याचा तांब्या द्या.

श्वास कोंडणं. पाऊल मोजताना नकळत होतं. ओठांनी 'विठ्ठल विठ्ठल' पुटपुटत राहिलात तर श्वास कोंडायला जागाच उरत नाही.

आणि जास्तीची अपेक्षा. आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस सोडून, एवढंच करा. तीनदा पाऊण तास म्हणजे १३५ मिनिटं होतात खरी, पण त्यातली दमाची मिनिटं दर वेळी जेमतेम वीस, म्हणजे आठवड्याला साठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाची हालचाल सांगते, त्या खात्यात हे सगळं धरू नका. चालणं वेगळं ठेवा. नाचणाऱ्या वृद्धांत विस्मरणाचा आजार कमी दिसला, असं पंचाहत्तरीपुढच्या ४६९ जणांचा एक अमेरिकी अभ्यास २००३ मध्ये सांगून गेला आणि त्याची बातमी अजून फिरत असते. पण ज्यांची स्मृती आधीच ढासळायला लागली होती त्यांनी नाच आपणहून सोडलेला असू शकतो. नाचाने आजार टळला, असं त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही.

चारचौघी मिळून

मंडळात करायचं तर सहा ते आठ जणी, गोलात. एकीने घड्याळ सांभाळायचं, ती त्या दिवशी नाचणार नाही. आपल्याकडे गोलात एक-दोघी कन्नडिग असतातच, त्यांच्यासाठी वेगळी सूचना लागत नाही: 'सावकाश' आणि 'भार' हे दोन शब्द दोन्ही भाषांत चालतात, आणि सांगायचं असतं तेही मुख्यतः एवढंच. स्पर्श विचारल्याशिवाय नको, पाऊल चुकलं तरी हाताला धरून ओढायचं नाही. मोबाइल बाहेरच्या खोलीत. व्हिडिओ काढणारी एक जण आत असली की सगळ्यांची अंगं ताठरतात.

शेवटी वहीत तीन गोष्टी: तारीख, काल रात्री झोप किती तास लागली, आज अंगाचा कोणता भाग जड होता. एका ओळीत. सहा आठवड्यांनी अठरा ओळी होतील. झोपेचा आकडा हललेला नसेल आणि तीच जागा तशीच दुखत असेल, तर ती वही घेऊनच डॉक्टरांकडे जा.